१२ मेगाबाइटांतला बाँड : ‘गोल्डनआय ००७’चे गुण आणि दोष

१/
ऑगस्ट १९९७. निन्टेन्डो ६४ या खेळयंत्रासाठी एक नवी कार्ट्रिज बाजारात आली. नाव ‘गोल्डनआय ००७’. ज्या बाँडपटावर तो खेळ बेतला होता, तो १९९५च्या नोव्हेंबरात प्रदर्शित होऊन जवळपास दोन वर्षे लोटली होती. म्हणजे वरात निघून गेल्यावर वाजंत्री पोहोचावी, तसा हा प्रकार. तरीही पुढे या खेळाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या यंत्रावर याहून अधिक खपलेले खेळ दोनच, आणि ते दोन्ही मारिओचे. आजचा धागा या खेळाविषयी.

२/
या खेळाबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, असा खेळ पुन्हा झाला नाही. दुसरा म्हणतो, आज हातात घेऊन पाहा, पाच मिनिटांत अंगठा आणि डोके दोन्ही दुखू लागेल. दोन्ही पक्ष खरे बोलतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की या खेळाचे गुण आणि दोष वेगवेगळ्या खात्यांत मांडता येत नाहीत. ते एकाच मुळावर वाढले आहेत. ते कसे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

३/
‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणजे प्रथमपुरुषी नेमबाजीचा खेळ. पडद्यावर नायक दिसत नाही, कारण आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो. खाली कोपऱ्यात दिसतो तो फक्त त्याचा हात आणि हातातले शस्त्र. अमेरिकेतल्या ‘इड सॉफ्टवेअर’ने १९९२ साली ‘वोल्फेन्स्टाइन थ्री-डी’, १९९३ साली ‘डूम’ आणि १९९६ साली ‘क्वेक’ आणून हा प्रकार रूढ केला. हे तिन्ही खेळ संगणकाचे. एक हात कीबोर्डवर, दुसरा माऊसवर, असा त्यांचा संसार हळूहळू स्थिरावत गेला.

४/
टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर ना कीबोर्ड, ना माऊस. असतात ते दोन अंगठे. ‘डूम’ १९९५ साली ‘सुपर निन्टेन्डो’वर आला खरा, पण चित्र आक्रसलेले, धूसर आणि मंद. त्यामुळे ‘हा प्रकार संगणकाचाच, दिवाणखान्यातल्या टीव्हीचे ते काम नव्हे’ असे मत जवळजवळ पक्के झाले होते.

(आपल्याकडच्या बहुसंख्य वाचकांचा या खेळप्रकाराशी परिचय सायबर कॅफेत, तासाच्या दराने, ‘काउंटर-स्ट्राइक’मधून झाला. निन्टेन्डो ६४ इथे फारसे पोहोचलेच नाही. त्यामुळे या खेळाची कीर्ती मराठी खेळाडूंनी बहुधा ऐकीवच ऐकली आहे. हा धागा लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.)

५/
इंग्लंडच्या लेस्टरशायरमधल्या ट्वायक्रॉस या खेड्यात ‘रेअर’ नावाची कंपनी होती. टिम आणि ख्रिस स्टॅम्पर हे दोघे भाऊ तिचे संस्थापक. निन्टेन्डोशी तिचा घरोबा होता. बाँडपटावर खेळ करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा आधीचा विचार जुन्या ‘सुपर निन्टेन्डो’साठी, बाजूने दिसणारा, पळत-उड्या मारत जाणारा साधा खेळ करावा असा होता. मार्टिन हॉलिस या तरुण अभियंत्याने तो नव्या, अजून बाजारातही न आलेल्या ६४-बिट यंत्रासाठी त्रिमितीत करण्याचे सुचवले. १९९५च्या आरंभी काम सुरू झाले.

६/
हॉलिस यांच्याभोवती जमलेला चमू सुमारे दहा जणांचा होता, आणि त्यातल्या आठ जणांनी त्याआधी एकही खेळ बनवलेला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे जे जे चांगले आणि जे जे वाईट झाले, त्याचे निम्मे स्पष्टीकरण इथे आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. चित्रपटावरचे खेळ तेव्हा बहुधा घाईने उरकले जात. चित्रपट पडद्यावर आहे तोवर माल दुकानात हवा, हा हिशेब. ‘अटारी’चा १९८२चा ‘ई.टी.’ पाच-सहा आठवड्यांत उरकला गेला आणि त्याचे नाव आजही दुर्लौकिकासाठीच निघते. ‘गोल्डनआय’ला मात्र अडीच वर्षे मिळाली. तारखा चुकल्या, चित्रपट येऊन गेला, तरी निन्टेन्डोने खेळाची गठडी वळली नाही. या खेळाचे श्रेय वाटताना या संयमाचा वाटाही काढून ठेवायला हवा.

७/
ज्या यंत्रासाठी खेळ करायचा, ते यंत्रच सुरुवातीला कोणापाशी नव्हते. चमूपाशी होते ‘सिलिकॉन ग्राफिक्स’चे महागडे संगणक आणि अंदाज. हाताळणी तपासायला काही काळ प्रतिस्पर्धी ‘सेगा सॅटर्न’चा कंट्रोलर फेरफार करून जोडला होता. कल्पनाही आधी वेगळी होती. ‘सेगा’च्या ‘व्हर्च्युआ कॉप’ या आर्केडमधल्या खेळाप्रमाणे कॅमेरा रुळांवरून जाईल आणि खेळणाऱ्याने फक्त नेम धरायचा. पुढे रूळ काढले आणि खेळाडूला मोकळे सोडले. पण त्या पहिल्या कल्पनेची एक खूण खेळात कायम राहिली. तिच्याकडे पुढे येऊ.

८/
आता या खेळाच्या सर्वांत मोठ्या गुणाविषयी. चित्रपटाचे चित्रीकरण लंडनच्या उत्तरेला लीव्ह्ज्‌डन इथे, विमानांची इंजिने बनवणाऱ्या एका जुन्या कारखान्यात उभारलेल्या सेटांवर झाले. चमूने तिथे जाऊन छायाचित्रे घेतली, सेटांचे आराखडे मिळवले आणि त्यांवरून इमारती रचल्या. हॉलिस यांनी २००४ साली एका व्याख्यानात सांगितले की स्थळे रचणारे कलावंत बराच काळ खेळाचा विचार न करताच काम करीत होते. खेळाडू कुठून येणार, पहारेकरी कुठे उभे राहणार, कामगिरी कोणती, हे काहीच ठरलेले नव्हते. आधी जागा, मग तिच्यातला खेळ.

९/
कोणत्याही अनुभवी कारागिराने ही पद्धत ऐकून कपाळाला हात लावला असता. खेळाची जागा ही खेळासाठीच रचायची असते. प्रत्येक दाराला कारण हवे, प्रत्येक खोलीत काहीतरी मिळायला हवे. ‘गोल्डनआय’मध्ये मात्र कित्येक खोल्या रिकाम्या आहेत. कित्येक वाटा कुठेच नेत नाहीत. पहिल्याच टप्प्यात, धरणावर, दुर्बिणीच्या बंदुकीतून पाहिले तर पाण्यापलीकडे एक बांधकाम दिसते. तिथे जाण्याची सोय नाही. आधीच्या आराखड्यातले ते उरलेले अवशेष. या पलीकडच्या तीरावर पोहोचण्याच्या युक्त्या आणि अफवा यांवर चाहत्यांची वर्षे गेली.

१०/
शिस्तीच्या हिशेबाने हा दोषच. परिणाम मात्र उलटा झाला. जागा खेळाडूची वाट पाहत बसलेली वाटत नाही. आपण नव्हतो तेव्हाही ती होती, असे वाटते. रासायनिक कारखान्यात बाँड छताजवळच्या वायुमार्गातून खाली स्वच्छतागृहात उतरतो, तेव्हा ती जागा युद्धभूमी नसून माणसांच्या वापराची इमारत आहे हे क्षणात कळते. ‘डूम’चे राक्षसी चक्रव्यूह याहून कितीतरी कौशल्याने रचलेले आहेत, यात शंका नाही. पण त्यांत कोणी नोकरीला येत असेल असे कधी वाटले नाही.

११/
रिकाम्या जागांना अर्थ देण्याची युक्ती आली ‘सुपर मारिओ ६४’कडून. त्या खेळात एकाच प्रदेशात वेगवेगळ्या कामगिऱ्यांसाठी पुनःपुन्हा जावे लागते. ‘गोल्डनआय’ने ती कल्पना काठिण्यपातळीला जोडली. धरणावर सर्वांत सोप्या पातळीवर टोकाला जाऊन उडी मारली की काम झाले. वरच्या पातळीवर आधी धोक्याच्या घंटा निकामी करायच्या, गुप्त मोडेम बसवायचा, माहिती हस्तगत करायची आणि मगच उडी. म्हणजे ‘कठीण’ याचा अर्थ शत्रू अधिक चिवट झाला एवढाच नाही. त्याच जागेतले कालपर्यंत निरुपयोगी वाटलेले कोपरे आज उपयोगाचे झाले. काठिण्य वाढवण्याची इतकी सुज्ञ रीत आजही क्वचित दिसते.

१२/
आता पहारेकरी. पहिल्या कल्पनेची जी खूण म्हटली, ती इथे आहे. ‘व्हर्च्युआ कॉप’मध्ये गोळी कुठे लागली त्यावर शत्रूची प्रतिक्रिया ठरते. तीच गोष्ट इथे आली. हाताला लागली तर माणूस हात धरतो, पायाला लागली तर लंगडतो, आणि नेम थोडा वर गेला तर नुसती टोपी उडते. गोळी लागायच्या आधीही या माणसांना आयुष्य आहे. कोणी अंग खाजवतो, कोणी माशी हाकलतो. त्यांच्या चेहऱ्यांसाठी कंपनीतल्याच लोकांची छायाचित्रे वापरली होती. मर्यादित साधनांतून केलेली ही व्यक्तिचित्रेच म्हणायची.

१३/
शिवाय त्यांना कान आहेत. आवाज दाबणाऱ्या नळीच्या पिस्तुलाने काम केले तर शेजारच्या खोलीतला पहारेकरी तसाच उभा राहतो. मोठ्या बंदुकीचा बार काढला तर धावत येतो. कोणी भिंतीवरच्या घंटेकडे पळू लागला तर त्याला तिथे पोहोचण्याआधी गाठावे लागते. १९९७ साली अशा खेळांत बहुतांशी ‘दिसला की मार’ एवढाच व्यवहार होता. इथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर लोकांना कळले की न मारता पुढे सरकणे हीदेखील एक चाल असू शकते.

१४/
आता दोषांकडे वळू. पहिला आणि सर्वांत ठळक दोष हाताळणीचा. निन्टेन्डो ६४च्या तीन शिंगांच्या कंट्रोलरवर कांडी एकच. खेळाच्या मूळ मांडणीत ती कांडी पुढे-मागे केली की बाँड चालतो आणि डावी-उजवीकडे केली की वळतो. कुशीला सरकायचे, वर-खाली पाहायचे, तर पिवळी बटणे. बारकाईने नेम धरायचा तर खांद्यावरचे बटण दाबून उभे राहायचे; मग लाल फुली पडद्यावर येते आणि तीच कांडी ती फुली हलवते. म्हणजे चालणे आणि बारीक नेम धरणे एकाच वेळी शक्य नाही. दोन कांड्यांची सवय झालेल्या आजच्या अंगठ्याला हे असह्य होते. यात आजच्या खेळाडूचा दोष नाही.

१५/
पण इथेच थांबून पाहावे. खेळाडूचा हात मंद आहे, म्हणून पहारेकरीही मंद आहे. तो बाँडला पाहतो, दचकतो, कधी एका गुडघ्यावर बसतो, कधी बाजूला लोळण घेतो आणि मग गोळी झाडतो. ही सारी नाटके खेळाडूला फुली नेमकी जागी आणायला वेळ मिळावा म्हणून आहेत. नेम थोडा चुकला तर खेळ स्वतःच तो सावरून घेतो. मूळ मांडणीत ही मदत चालूच असते. अपंग हाताळणीशी जुळवून घेत घेत एक वेगळाच ताल तयार झाला: पुढे सरका, थांबा, नेम धरा, गोळी झाडा, पुन्हा सरका. ‘डूम’चा खेळाडू धावतो. ‘गोल्डनआय’चा खेळाडू दाराआड उभा राहून श्वास रोखतो. गुप्तहेराला कोणता ताल शोभतो, हे सांगायला नको.

१६/
चाहत्यांनी पुढे संगणकावर हा खेळ माऊसने आणि भरधाव चित्रगतीने खेळण्याच्या सोयी केल्या. त्या वापरल्या की पडदा उघडा पडतो. नेम पापणी लवायच्या आत लागतो आणि समोरचा पहारेकरी गुडघा टेकायच्या बेतात असतानाच कोसळतो. शत्रू अचानक बावळट दिसू लागतात. शत्रू तेच आहेत. फक्त त्यांच्या जोडीचा मंद हात नाहीसा झाला आहे.

१७/
एक गमतीची नोंद. खेळात हाताळणीच्या एकूण आठ मांडण्या दिल्या आहेत आणि त्यांना बाँडकथांतल्या स्त्रियांची नावे आहेत: हनी, सॉलिटेअर, किसी वगैरे. त्यांतल्या चार मांडण्यांत एकाच खेळाडूने दोन हातांत दोन कंट्रोलर धरायचे असतात. एका कांडीने चालायचे, दुसरीने पाहायचे. पुढे सगळ्या जगाने स्वीकारलेली पद्धत १९९७ साली याच खेळाच्या पर्यायांच्या यादीत खाली कुठेतरी पडून होती. दोन कंट्रोलर विकत घेऊन एकट्याने खेळणारा विरळाच, म्हणून ती तशीच पडून राहिली.

१८/
दुसरा दोष वेगाचा. स्फोट झाले, धूर झाला, चौघे जण एकदम खेळू लागले की चित्र अडखळते, आणि चांगलेच अडखळते. यंत्राची एकूण स्मृती ४ मेगाबाइट. भिंतींवर चढवायच्या चित्रांसाठी, म्हणजे टेक्स्चरसाठी, हाताशी असलेली जलद जागा अवघी ४ किलोबाइट. तीत अधिक तपशील बसावा म्हणून चमूने पुष्कळ चित्रे कृष्णधवल ठेवली आणि रंग वरून, प्रकाशातून चढवला. या खेळाचा जो करडा, थंड, शीतयुद्धाच्या अखेरीचा रशिया सर्वांना आठवतो, त्यात सौंदर्यदृष्टीइतकाच या काटकसरीचाही हात असावा, असे मला वाटते.

१९/
अडखळण्याचे एक विलक्षण अपत्य म्हणजे वेगाने खेळ संपवण्याची स्पर्धा. हे स्पर्धक तिरके पळतात, कारण पुढे आणि बाजूला एकाच वेळी सरकले तर वेग वाढतो. आणि पळताना जमिनीकडे पाहतात. कारण? पडद्यावर काढायला कमी वस्तू असल्या की यंत्राचा भार हलका होतो आणि खेळ सुरळीत चालतो. सोप्या पातळीवरचे धरण ५३ सेकंदांत पार करण्याचा विक्रम २००२ साली झाला. त्यातला एक सेकंद कमी व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. पंधरा वर्षे माणसे एका सेकंदासाठी धरणाच्या फरशीकडे पाहत धावत होती! कारागिरांना लाजवणारा दोष असा एका पंथाचे शास्त्र होऊन बसला.

२०/
सगळ्याच दोषांना असे भाग्य लाभले नाही. मोहिमेच्या मध्ये कुठेही प्रगती जतन होत नाही. दहा मिनिटांची मेहनत शेवटच्या खोलीत वाया गेली की पुन्हा पहिल्या पायरीपासून. गेलेली प्राणशक्ती परत मिळत नाही; चिलखत सापडले तर तेवढाच आधार. हे कठोर असले तरी निदान न्याय्य आहे.

नताल्याचे तसे नाही. चित्रपटाची नायिका अनेक टप्प्यांत आपल्यासोबत असते, आणि ती मेली की मोहीम बुडाली. ‘कंट्रोल’ या टप्प्यात ती संगणकासमोर उभी राहून काम करते, चहूबाजूंनी सैनिक येत राहतात आणि तिला गोळ्यांचे काही सोयरसुतक नसते. आपल्या चुकीने हरणे पचते. दुसऱ्याच्या बेफिकिरीने हरणे पचत नाही. या खेळाच्या मोठ्यातल्या मोठ्या चाहत्यानेही इथे बचाव करू नये.

२१/
आता त्या भागाकडे, ज्याच्यामुळे हा खेळ घराघरांत गेला. निन्टेन्डो ६४ला कंट्रोलर जोडायच्या खाचा चार होत्या. तरीही १९९७च्या मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे खेळ बाजारात यायच्या काही महिने आधीपर्यंत, ‘गोल्डनआय’मध्ये एकमेकांशी खेळण्याची सोयच नव्हती. स्टीव्ह एलिस या प्रोग्रामरने ती शेवटच्या टप्प्यात, वरच्यांची रीतसर परवानगी न घेता उभी केली. कंपनीच्या आणि निन्टेन्डोच्या वरिष्ठांना ती चालू झाल्यावरच दिसली.

२२/
जागा तयार होत्याच. मूळ मोहिमांतल्या काही घेतल्या, काही नव्याने जोडल्या. पडदा चार भागांत कापला आणि चार मित्र एका सतरंजीवर बसून एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. भिंतीला चिकटवायचे सुरुंग, एका गोळीत काम संपवणारे सोनेरी पिस्तूल, नाही तर शस्त्रेच बाद करून नुसत्या चापट्या. इंग्लंड-अमेरिकेतल्या एका पिढीच्या सुट्ट्या यात गेल्या.

२३/
या प्रकाराचा दोष उघड आहे. चौघेही एकाच टीव्हीकडे पाहतात, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाची जागा दिसते. पत्ते कुटताना शेजाऱ्याच्या हातात डोकावू नये, हा शिष्टाचार आहे. इथे मात्र चारही हात टेबलावर उघडेच पडलेले. मग वाद, आरडाओरडा, ‘तू माझ्या कोपऱ्यात बघत होतास’. पण सराईत खेळाडू हे गृहीत धरूनच खेळत. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळत नाही. ज्याला दोष म्हणावे त्याच्याभोवती अशी एक संपूर्ण चातुर्यकला वाढली.

२४/
ऑडजॉबचा प्रश्न मात्र चातुर्याचा नव्हे. हे पात्र इतरांपेक्षा बुटके आहे. आपोआप सावरला जाणारा नेम सर्वसाधारण उंचीच्या छातीवर जातो, म्हणजे याच्या डोक्यावरून. त्याला मारायचे तर मुद्दाम खाली पाहायला हवे, आणि खाली पाहायला त्या कंट्रोलरवर वेळ लागतो. म्हणून घरोघरी कायदा झाला: ऑडजॉब घ्यायचा नाही. खेळ बनवणाऱ्यांपैकी काहींनी पुढे मोकळेपणाने मान्य केले की चाचणीतच हे लबाडीचे वाटत होते, पण गंमत येते म्हणून तसेच ठेवले. तोल सांभाळणे नावाचे शास्त्र या चमूला ठाऊक नव्हते असे नाही. त्याची पर्वा नव्हती. ‘क्लॉब’ ही त्यातली कुचकामी बंदूक घ्या. निन्टेन्डोचे केन लॉब यांच्या नावावरून तिचे नाव ठेवलेले. असा सन्मान शत्रूलाही मिळू नये.

२५/
एका गंभीर मुद्द्याला स्पर्श केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या खेळात माणसे मरतात, आणि ती माणसांसारखी मरतात. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांना हे फार दुःखद वाटले. हॉलिस यांनी नंतर सांगितले की मियामोतोंनी सूचना पाठवली होती: खेळाच्या शेवटी बाँडने इस्पितळात जाऊन जखमी शत्रूंशी हस्तांदोलन करावे. ते घडले नाही. पण रक्त कमी केले गेले, आणि शेवटी नाटकाच्या पडद्यानंतर नट पुढे येतात तशी पात्रांची ओळख करून देणारी नामावली आली. हे सारे सोंग होते, अशी ती जाणीव.

त्या सूचनेला हसणारे पुष्कळ आहेत. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. पहारेकऱ्याला माशी हाकलायला शिकवणाऱ्या खेळाला त्याच्या मरणाचा हिशेबही कोणीतरी विचारायलाच हवा होता.

२६/
हे सगळे बसले कितीत? १२ मेगाबाइटांत. एखाद्या गाण्याच्या दोन-तीन एमपी-थ्री फायलींएवढी जागा. त्याच कार्ट्रिजमध्ये, खेळाडूला न दिसणारे, जुन्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकाची नक्कल करणारे एक सॉफ्टवेअरही विसरून राहिले होते. सोबत स्टॅम्पर बंधूंच्या पहिल्या कंपनीचे दहा खेळ. ते २०१२ साली, पंधरा वर्षांनी, चाहत्यांना सापडले.

२७/
पुढची कथा झपाट्याने सांगतो. १९९८ साली ब्रिटनच्या बाफ्टाने खेळांसाठीचा पुरस्कार याला दिला. त्याच वर्षी हॉलिस ‘रेअर’मधून बाहेर पडले. डेव्हिड डोक, स्टीव्ह एलिस आदींनीही बाहेर पडून ‘फ्री रॅडिकल’ काढली आणि ‘टाइमस्प्लिटर्स’ केला. डोक म्हणजे तेच, ज्यांच्या नावाचा एक शास्त्रज्ञ रासायनिक कारखान्यात दर वेळी वेगळ्या ठिकाणी उभा असतो आणि घाईत असलेल्या खेळाडूचा जीव खातो.

‘रेअर’ने २००० साली ‘परफेक्ट डार्क’ आणला. त्यात जवळपास प्रत्येक उणीव भरून काढली होती. मित्र नसतील तर लढायला यंत्रचालित प्रतिस्पर्धी, अधिक शस्त्रे, अधिक हुशार शत्रू. पण यंत्र तेच. त्यामुळे बहुतेक खेळ चालवायला वेगळी स्मृती विकत घेऊन जोडावी लागे, आणि तरीही चित्र ‘गोल्डनआय’हून अधिक अडखळे. माझ्या मते ‘परफेक्ट डार्क’ हा अधिक चांगला बनवलेला खेळ आहे. आठवणीत मात्र पहिलाच राहतो.

२८/
मग २००१ साली ‘हेलो’ आला. दोन कांड्यांची हाताळणी, आपोआप भरून येणारे कवच, वाटेवर जतन होणारी प्रगती. टीव्हीवरची नेमबाजी कशी असावी याचे व्याकरण तिथे पक्के झाले, आणि आजही बव्हंशी तेच चालते. ‘गोल्डनआय’ने घराचे दार उघडले होते, घरातली मांडणी मात्र दुसऱ्यांनी केली. त्या मांडणीत रिकाम्या खोल्यांना, थांबून नेम धरण्याला, पातळीगणिक वाढणाऱ्या कामगिऱ्यांना फारशी जागा उरली नाही. प्रगती झाली यात वाद नाही, पण प्रगतीच्या वाटेवर काय सांडले तेही पाहायला हवे.

२९/
ते पाहण्याची सोयच दीर्घकाळ नव्हती, हे या कथेचे खरे दुखणे आहे. खेळ बनवला ‘रेअर’ने, प्रकाशित केला निन्टेन्डोने, आणि बाँडचे हक्क तिसऱ्यांकडे. २००२ साली मायक्रोसॉफ्टने ‘रेअर’ ३७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली, आणि गुंता आणखी वाढला. २००८च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या यंत्रासाठी खेळाची उजळलेली आवृत्ती जवळजवळ तयार होती. सर्व हक्कदारांचे एकमत झाले नाही आणि ती अडगळीत गेली. २०२१ साली ती आडमार्गाने बाहेर फुटली. २०१० साली ‘गोल्डनआय’ याच नावाने दुसऱ्या कंपनीने एक वेगळाच खेळ केला. त्यात बाँडचा चेहराही डॅनिएल क्रेगचा होता. मूळ खेळ कायदेशीरपणे खेळायचा तर २५ वर्षे जुनी कार्ट्रिज आणि जुने यंत्र, एवढाच मार्ग.

३०/
अखेर २७ जानेवारी २०२३ रोजी मूळ खेळ दोन ठिकाणी एकदम परतला, आणि दोन्हीकडे अर्धाअर्धा. निन्टेन्डोच्या ‘स्विच’वर तो जवळपास जसाच्या तसा आला, शिवाय दूरवरच्या मित्रांशी आंतरजालावरून खेळायची सोय झाली. पण जुनी हाताळणीही जशीच्या तशीच आली. आजच्यासारख्या दोन कांड्या हव्या असतील तर खेळातली मांडणी बदला, मग यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन कांड्यांचीही अदलाबदल करा. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’वर चित्र स्वच्छ, गती सुरळीत आणि दोन कांड्यांची सोय आयती. पण आंतरजालावरून खेळण्याची सोय तिथे नाही. मित्र हवे असतील तर त्यांना घरी बोलवा आणि एका टीव्हीपुढे बसवा.

३१/
दोहोंपैकी कोणता घ्यावा, असे विचाराल तर माझे उत्तर असे. पहिल्यांदा खेळणाऱ्याने ‘स्विच’वर, काहीही न बदलता, जुन्या मांडणीतच धरणाचा टप्पा वरच्या पातळीवर एकदा खेळावा. पहिला अर्धा तास चिडचिड होईल. त्यानंतर केव्हातरी, पहिल्या बोगद्याच्या तोंडाशी, अंगठा आपोआप थांबेल, दुसऱ्या हाताचे बोट खांद्यावरचे बटण दाबेल, लाल फुली हळूच वर सरकेल आणि पलीकडचा पहारेकरी अजून मानेमागे खाजवत असेल.